जुन्या नाशकातल्या वाड्याची नोंद कशी करावी

वाडा किती जुना, असे जुन्या नाशकात कुणालाही विचारा, उत्तर ठरलेले असते: ‘पेशवेकालीन’. हे उत्तर सर्रास खोटे नसते, पण त्याचा उपयोगही फारसा नसतो. तिवंधा, तांबट लेन, सराफ बाजार, कानडे मारुती लेन या भागांतल्या बहुतेक वाड्यांना एकच एक वय नाही. जोते एका पिढीचे, माडी दुसऱ्या पिढीची, कौले इंग्रजी अमदानीतली आणि मागची मोरी स्लॅबची. वाड्याची नोंद करायची म्हणजे हे थर सुटे करायचे आणि प्रत्येक थराला मिळेल तो पुरावा जोडायचा. शेवटी हाती एक साल येत नाही, चार-पाच सालांची उतरंड येते. तीच खरी.

कामाचा क्रम असा ठेवा: आधी घर बघा, मग कागद, शेवटी माणसे. उलटा क्रम धरला की फसगत होते. ‘इथे राघोबादादा मुक्कामाला होते’ हे एकदा कानावर पडले की मग प्रत्येक कोनाडा पेशवाईतला दिसू लागतो.

आत पाऊल टाकण्याआधी

मालकाची परवानगी लागतेच, पण वाड्यात भाडेकरू असतील तर त्यांनाही स्वतंत्रपणे भेटा. मालक-भाडेकरू दावे कित्येक वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चाललेले आहेत आणि टेप घेऊन आलेला माणूस बिल्डरचा, असा समज पहिल्या पाच मिनिटांत पक्का होतो. म्हणून आपले नाव, काम आणि मोजमाप कशासाठी, हे एका कागदावर लिहून दोन्ही बाजूंना द्या. वाटण्या, हिस्से, भाडे यांबद्दल एकही प्रश्न नको. देवघर, तिजोरी, मागचे दार यांचे फोटो काढायचेच झाले तर ते बाहेर जाणार नाहीत हे आधी सांगा आणि ते पाळा.

काम दिवाळीनंतर ते मे या काळात करा. पावसाळ्यात पांढऱ्या मातीच्या आणि विटांच्या भिंती पाणी पितात, जड होतात आणि पोटातून फुगतात. वाडे पडतात ते बहुतेक अशाच दिवसांत. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. तशी नोटीस लागलेल्या वाड्याची माडी चढू नका, तळमजल्यावरून आणि समोरच्या गच्चीवरून जमेल तेवढे टिपा. नोटीस नसली तरी माडीवर एका वेळी एकच माणूस जाऊ द्या. पाय खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत, तुळयांची टोके जिथे टेकतात तिथे ठेवा. तुळईचे भिंतीत शिरलेले टोक आधी कुजते, कारण ओल तिथे साठते. टोकाशी भुसा पडलेला दिसला किंवा टोचल्यावर खिळा सहज आत गेला तर तिथेच थांबा.

मोजमाप

लागणारे साहित्य: ३० मीटरचा टेप, ५ मीटरचा छोटा टेप, ओळंबा, आलेख कागद, पेन्सिल, विजेरी, होकायंत्र, आणि १०-१० सेंटिमीटरला काळे-पांढरे पट्टे रंगवलेली एक पट्टी. लेसर मीटर असेल तर उत्तम, पण चौकात दुपारच्या उन्हात त्याचा ठिपका दिसत नाही.

आधी फिरून कच्चा आराखडा काढा: ओटा, दिंडी दरवाजा, देवडी, चौक, सोपा, माजघर, देवघर, परसू. मग मोजा. लांब भिंतीवर प्रत्येक दार-खिडकी सुटी मोजून बेरीज करू नका. टेपचे शून्य एका कोपऱ्यात पक्के धरा आणि ओळीने आकडे वाचत जा: दाराची सुरुवात १.४२, शेवट २.३१, कोनाडा ३.०५, असे. सुटे मोजले तर प्रत्येक मापातली अर्ध्या सेंटिमीटरची चूक साचत जाते आणि दहा मापांनंतर भिंत जागेवर बसत नाही.

दुसरा नियम, प्रत्येक खोलीचा आणि चौकाचा कर्ण मोजा. जुन्या नाशकातल्या गल्ल्या टेकांच्या उताराने वळतात, त्यामुळे दर्शनी भिंत मागच्या भिंतीला क्वचितच समांतर असते. चार बाजूंची मापे बरोबर असूनही आकृती चुकते, कारण चौकोन हलतो आणि त्रिकोण हलत नाही. बाजू आणि एक कर्ण यांवरून आकृती काढा, दुसऱ्या कर्णाने तपासा. फरक ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त आला तर घरी जाऊन जुळवाजुळव न करता तिथेच पुन्हा मोजा.

भिंतींची जाडी दाराच्या चौकटीत मोजून घ्या. एखादी भिंत शेजारच्या भिंतींपेक्षा एकदम जाड निघाली तर तिच्या पोटात जिना किंवा बळद (धान्य साठवायची पोकळी) असण्याची शक्यता असते. खांबांची मापे मध्यापासून मध्यापर्यंत घ्या. जुन्या खरेदीखतांत घराचा आकार बऱ्याचदा खणांत सांगितलेला असतो, आणि खण म्हणजे दोन खांबांमधले अंतर. ‘तीन खणी सोपा’ असे कागदात असेल आणि आज पाच खण दिसत असतील, तर दोन खण नंतरचे. कुठले दोन, ते खांबच सांगतात.

थर सुटे करणे

इथे घाई करू नये. वाड्याचे खरे वाचन इथेच होते.

खालून वर जा. जोत्याचा दगड घडीव आहे की ओबडधोबड, आणि घडीव असला तर रांगा सलग आहेत का, ते बघा. मध्येच एखादा कोरीव दगड, देवळाच्या शिळेसारखा, आडवा लावलेला दिसतो. तो दुसरीकडून आलेला असतो आणि त्याचे वय वाड्याला लावायचे नसते.

विटांकडे वळा. पेशवाई बांधकामातली वीट पातळ आणि चपटी असते, इंग्रजी मापाची साधारण ९ × ४½ × ३ इंच. एकच वीट मोजून निर्णय देऊ नका. दहा थरांची उंची दर्जांसकट, म्हणजे विटांमधल्या सांध्यांसकट, मोजा आणि दहाने भागा, म्हणजे झिजलेल्या किंवा फुगलेल्या विटेने दिशाभूल होत नाही. गिलावा असलेल्या भिंतीत वीट बघायला गिलावा फोडायचा नाही. जिन्याखाली, माळ्यावर आणि शेजारचा वाडा पडला असेल तर त्या उघड्या बाजूला वीट आयती दिसते. दोन वाड्यांमधली सामाईक भिंत हा तर सर्वांत चांगला साक्षीदार, तिला कुणी सजवत नाही.

लाकूड. सुरूच्या झाडासारखा वर निमुळता होत जाणारा खांब, खाली दगडी तळखडा (खांबाची बैठक), वर हस्त (तुळईला आधार देणारे कोरीव लाकूड) आणि केळफुलाची नक्षी, हे पेशवाई घडणीचे ओळखीचे रूप. पण ही नक्षी पेशवाई संपल्यावरही सुतार कोरत होतेच, म्हणून नक्षीवरून १८१८ ची रेघ ओढता येत नाही. नक्षीपेक्षा सांधे जास्त बोलतात. तुळईच्या अंगावर रिकाम्या खाचा शोधा, ज्यांत आज कुठलेच लाकूड बसलेले नाही. तशी खाच दिसली की ती तुळई आधी दुसऱ्या जागी होती, दुसऱ्या वाड्यातून आणली किंवा याच वाड्यात वर-खाली झाली. प्रत्येक रिकाम्या खाचेची जागा, लांबी-रुंदी आणि खोली लिहा. चार तुळयांवर सारख्या अंतरावर सारख्याच खाचा मिळाल्या तर जुन्या छताचा सांगाडा कागदावर पुन्हा उभा करता येतो. सागवान महाग होते, ते टाकून कुणी देत नसे, त्यामुळे ही अदलाबदल अपवाद नाही, रिवाज आहे.

छप्पर. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना मंगळुरात १८६५ मध्ये सुरू झाला, म्हणजे अशी कौले असलेले छप्पर त्याआधीचे असूच शकत नाही. कौलाच्या पोटाकडच्या बाजूला कारखान्याचे नाव आणि कधी साल उठवलेले असते. नवखा माणूस इथे हमखास अडकतो: ते साल पुष्कळदा कारखाना सुरू झाल्याचे असते, कौल भाजल्याचे नव्हे. मंगलोरी कौलांखाली देशी नळीची कौले किंवा माळवदाची (सपाट धाब्याची) माती शिल्लक आहे का, ते माळ्यावरून विजेरी मारून बघा.

लोखंड. बीडाचे (ओतीव लोखंडाचे) कठडे आणि लोखंडी गर्डर इंग्रजी काळातले. गर्डरच्या उभ्या पट्टीवर गिरणीचे नाव ठशात उठलेले असते. रंगाचे थर असतील तर विजेरी तिरकी धरली की अक्षरे उठून दिसतात. ‘टाटा’ असा ठसा असेल तर तो गर्डर १९१२ नंतरचा, कारण जमशेदपूरला पोलाद तेव्हापासून निघू लागले.

तळमजल्याबाबत नाशकात एक खास सावधगिरी लागते. घाटाजवळच्या आणि दहीपूल-सराफ बाजार पट्ट्यातल्या भिंती पुरात आणि सरस्वती नाल्याच्या पाण्यात वारंवार भिजल्या आहेत. खालच्या तीन-चार फुटांना लोणा (ओलीबरोबर वर येणारा खार) लागतो, गिलावा गळतो आणि दर काही वर्षांनी नवा होतो. म्हणून खालचा सिमेंटचा गिलावा बघून भिंत नवी ठरवू नका, डोक्याच्या उंचीवर बघा. सिमेंटचा गिलावा चढवला की ओल बाहेर पडायला वाट राहत नाही आणि ती आणखी वर चढते, हेही त्याच ठिकाणी टिपून ठेवा. दुरुस्तीच्या वेळी मालकाला त्याचा उपयोग होतो.

लेख आणि सन

चौकटीवर, तुळशी वृंदावनावर, विहिरीच्या काठावर, घंटेवर लेख असू शकतो. आधी ठरवायचे ते हे, की लेख ज्या वस्तूवर आहे ती वस्तू हलणारी आहे की जागची. रामकुंडाजवळच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा याचा धडा देते. घंटेवर साल १७२१ आहे, ती पोर्तुगीजांकडून ज्यात मिळाली असे सांगतात तो वसईचा विजय १७३९ चा आणि देऊळ १७४७ चे. घंटेवरचे साल घंटा ओतल्याचे, देवळाचे नव्हे. वाड्यातली घंटा, समई, पाटा, जाते यांवरच्या सालांना हाच न्याय लावा.

लेखाचा फोटो भर दुपारी काढू नका, उन्हात अक्षरे सपाट होतात. सकाळचे तिरपे ऊन किंवा रात्री एका कडेने, दगडाला जवळजवळ समांतर धरलेली विजेरी, हा योग्य प्रकाश. विजेरी चारही बाजूंनी फिरवून प्रत्येकी एक असे निदान चार फोटो घ्या. एका बाजूने धरली तर त्या दिशेच्या रेघा दिसतच नाहीत, आणि ‘१’ व ‘९’ यांत गल्लत होते. अक्षरांत खडू, तेल, पीठ भरायचे नाही, तारेचा ब्रश लावायचा नाही. शेंदूर चढलेला दगड असेल तर शेंदूर खरवडायचा नाही. तो देव आहे हे एक कारण, आणि त्या थरांबरोबर दगडाचा पापुद्रा निघतो हे दुसरे.

ठसा घ्यायचा असेल तर दगड नुसत्या पाण्याने धुवा, हातकागद ओला करून पसरा आणि मऊ ब्रशने ठोकत कागद अक्षरांत बसवा. तो अर्धवट वाळल्यावर शाईचा बोळा हलक्या हाताने टिपत न्या. कागद फार ओला असताना शाई लावली तर ती पसरते, फार वाळू दिला तर कागद दगड सोडतो आणि अक्षरे दुहेरी उठतात. आपला काळा दगड खरखरीत असतो, घासल्यास कागद फाटतो, म्हणून टिपायचे, घासायचे नाही. सरकारवाडा हे राज्य पुरातत्त्व विभागाचे संरक्षित स्मारक आहे आणि पांडवलेणी केंद्राच्या ताब्यात आहेत. तिथे लेखी परवानगीशिवाय ठसा घेता येत नाही.

आता सन. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, फक्त १ जानेवारी ते गुढीपाडवा या तुकड्यासाठी ७९. संवत्सराचे नाव दिले असेल तर ताळा करून बघा: शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक, प्रभव पहिला. शिवराज्याभिषेकाचा शके १५९६ घ्या. १६०८ ला ६० ने भागले, बाकी ४८, आणि अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद. बरोबर. लेखातला शक आणि संवत्सर जुळले नाहीत तर आधी आपले वाचन चुकले असे धरा. झिजलेला ‘६’ आणि ‘३’ पुन्हा बघा.

मोडी कागदांत अरबी शब्दांतला सुहूर सन येतो. तो एककापासून वाचायचा: इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९. मग दशक: अशर १०, अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. मया १००, मयातैन २००, अलफ १०००. हे वर्ष मृगाबरोबर, जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास बदलते. म्हणून जून ते डिसेंबरसाठी ५९९ मिळवा, जानेवारी ते मे यासाठी ६००. पानिपतावर हात बसवा: इहिदे सितैन मया व अलफ म्हणजे ११६१, लढाई जानेवारीतली, म्हणून ६०० मिळवून १७६१. सलास-सलासीन आणि सबा-सबैन या जोड्यांत नजर घसरली की वर्षे दशकांनी हुकतात.

कागद

सुरुवात मिळकत पत्रिकेपासून. वाड्याचा सिटी सर्व्हे नंबर शोधा, पत्रिका काढा आणि तिच्यावरचे क्षेत्र आपल्या मोजमापाशी ताडून बघा. पत्रिकेवर फेरफाराच्या तारखा असतात, पण तिथे थांबू नका. नगर भूमापन कार्यालयातून चौकशी नोंदवहीचा उतारा मागा. भूमापनाच्या वेळी ही जागा कुणाकडे कशी आली, याची विचारपूस त्यात असते आणि पत्रिकेत न उतरलेल्या गोष्टी तिथे मिळतात.

खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र मिळाले तर आधी चतुःसीमा वाचा. पूर्वेस अमुक यांचे घर, दक्षिणेस बोळ, असे वर्णन असते. शेजाऱ्यांच्या कागदांतल्या चतुःसीमा एकाशी एक लावल्या की गल्लीचा शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा नकाशा तयार होतो. एकट्या वाड्यापेक्षा चार लागून असलेल्या वाड्यांची नोंद एकत्र करावी, ती यासाठी. कागदात ‘गंगा’ असेल तर ती गोदावरी, हे नाशिककराला सांगायला नको, पण पुण्या-मुंबईच्या वाचकासाठी टीप द्या.

मोडी न येणाऱ्याने आधी आकडे, नावे आणि चतुःसीमा एवढेच काढायला शिकावे. मोडीत रेघ आधी ओढून अक्षरे तिला लटकवलेली असतात आणि शब्दांत जागा सोडलेली नसते, त्यामुळे अख्खा मजकूर वाचायला घेतला की धीर सुटतो. ‘छ’ नंतर आकडा आणि रजब, साबान असे काही असेल तर ती मुसलमानी महिन्याची तारीख आहे.

सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे आहे, तिथला जुना संग्रह चाळा. १८८३ चे जिल्हा गॅझेटियर पेठा, घाट आणि देवळे यांसाठी कामाचे आहे, मात्र त्यातल्या दंतकथा छापील आहेत म्हणून पुरावा ठरत नाहीत. गावाची वस्ती वाड्यांच्या कितीतरी आधीची आहे हे मातीच्या गढीवर (नदीकाठच्या जुन्या वस्तीच्या टेकाडावर) डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि देव यांनी १९५०-५१ मध्ये केलेल्या उत्खननातून दिसले. तिथली खापरे उचलून वाड्याच्या संग्रहात ठेवू नका, जागेवेगळे खापर मुके होते.

वाडा बांधणारे घराणे बाहेरगावचे असेल तर तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे यात्रेकरूंचे विधी करणाऱ्या गुरुजींच्या, वह्या उपयोगी पडतात. त्या मूळ गाव आणि आडनावावर चालतात, म्हणून दोन्ही ठाऊक करून जा. ‘जुने काही आहे का’ असे विचारून काही मिळत नाही. वहीत यात्रेला आलेल्याचे नाव, वडील-आजोबांची नावे आणि पुष्कळदा त्याच्याच हातचा मजकूर असतो. तेवढ्यावरून तो इथे राहत होता असे मात्र म्हणता येत नाही. फोटो गुरुजींना विचारूनच काढा, दक्षिणा ठेवा.

माणसे

वयस्कर माणसाला साल विचारू नका. ‘आजी, माडीवरचा जिना कधी बदलला?’ याचे उत्तर ‘लई वर्षं झाली’ असेच येणार. सिंहस्थ धरून विचारा: ‘ऐंशीच्या सिंहस्थात हा जिना होता का? नंतरच्या, एक्याण्णवच्या?’ नाशकात १९८०, १९९१, २००३, २०१५ हे खुंटे बहुतेकांच्या डोक्यात पक्के असतात. दुसरा खुंटा पुराचा. गोदावरीचे पाणी किती चढले ते नाशकात काठावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात. ‘दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी होते आणि तेव्हा तुमच्या ओट्याच्या कितव्या पायरीला लागले?’ असे विचारले की पायरी दाखवतात, ती लगेच मोजा आणि पुराचे साल लिहा: १९६९, २००८, २०१६. एकाच घरातल्या दोघांना वेगवेगळे बसवून विचारा. एकत्र बसले की थोरल्या काकांचे उत्तर सगळ्यांचे होते.

ऐकीव माहिती त्यांच्याच शब्दांत लिहा, सांगणाऱ्याचे वय लिहा, आणि त्याने ते स्वतः पाहिले की ऐकले, हे वेगळ्या रकान्यात. नाव छापायचे की नाही ते त्यांनी ठरवायचे.

नोंद कशी मांडायची

एका वाड्याची एक वही किंवा एक फोल्डर. प्रत्येक फोटोच्या नावात गल्ली, सिटी सर्व्हे नंबर, खोली आणि दिशा: ‘तिवंधा, सिटी सर्व्हे नंबर अमुक, सोपा, उत्तर भिंत’. फोनने दिलेल्या आकडी नावांचे हजार फोटो सहा महिन्यांनी काढणाऱ्यालाही ओळखू येत नाहीत. प्रत्येक थरापुढे तीन गोष्टी लिहा: काय दिसते, त्यावरून कोणता काळ निघतो, आणि तो किती खात्रीचा. ‘१८६५ नंतरचे छप्पर, खात्रीचे’, ‘सोपा बहुधा पेशवाईतला, खांबांवरून’, ‘राघोबादादांचा मुक्काम, ऐकीव’. हे तिन्ही एका परिच्छेदात मिसळले की वाचणारा नेमके तिसरे उचलतो.

एक छापील प्रत मालकाला, एक भाडेकऱ्यांना, एक वाचनालयाला द्या. वाडा उतरवायचे ठरले असेल तर काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी पोहोचा, कारण गणेशपट्टी (दारावरची गणपती कोरलेली फळी), हस्त आणि दरवाजे पहिल्याच सकाळी जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढतात. ते अडवता येत नाहीत. पण प्रत्येक लाकडावर जागेचा क्रमांक खडूने लिहून फोटो घेता येतो, एक वीट, एक कौल आणि गिलाव्याचा एक तुकडा चिठ्ठी लावून मालकाच्या परवानगीने ठेवता येतो, आणि भिंत पडल्यावर तिच्या पोटातल्या विटांचे थर पहिल्यांदा उघडे दिसतात तेव्हा दहा थरांची उंची पुन्हा मोजता येते.